स्कीइंग चालेल, मांडी चालणार नाही

माझा उजवा खुबा काढून त्या जागी धातूचा नवा बसवला, तेव्हा त्याच्याबरोबर परदेशातून एक पुस्तिका आली होती. नव्या मिक्सरबरोबर येते तशीच. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचं एक गोरं जोडपं पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली येत होतं आणि भरपूर हसत होतं. आत खेळांची यादी होती. गोल्फ : चालेल. पोहणं : उत्तम. सायकल : हळूहळू. स्कीइंग : आधीपासून येत असेल तर, सहा महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून. घोडेस्वारी : शक्यतो टाळा. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या मी ती यादी तीनदा वाचली. रिंग टेनिस त्यात कुठेच नव्हतं.

मी राहायचे घाटकोपरला, हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत, पहिल्या मजल्यावर. बर्फ आम्ही पाहिलेला तो कोळणीच्या पाटीतल्या पापलेटांखाली, आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. घोडा पाहिला होता तो लग्नाच्या वरातीत. त्यामुळे पुस्तिका लिहिणाऱ्या साहेबाचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. तो मला बर्फावरून घसरू द्यायला तयार होता. मात्र मागच्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत त्याने बजावलं होतं : खुबा गुडघ्याच्या खाली जाईल असं कधीही बसू नये, कमरेतून खाली वाकू नये. वाकलात तर नवा सांधा खोबणीतून निसटेल.

म्हणजे पाटावर बसून जेवण बंद. मांडी बंद. उकिडवं बसणं बंद, म्हणजे आमच्या घरातला संडासही बंद. कॉलनीतल्या सुताराने एका जुन्या खुर्चीला भोक पाडून दिलं आणि ती खुर्ची आमच्या घरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू झाली. माझा नवरा मुळातच सावध प्राणी, त्यात आता त्याच्या हाती शास्त्रीय कारण लागलं. तो खिशात मोजपट्टी घेऊन फिरायला लागला. कुणाकडे गेलं की नमस्कार-चमत्काराच्या आधी हा त्यांच्या खुर्चीची उंची मोजायचा. "अठरा इंच पाहिजे," असं यजमानांना गंभीरपणे सांगायचा. त्यांना वाटायचं, आम्ही फर्निचर घ्यायला आलोय.

वाकून नमस्कार करणंही बंद झालं. हे मात्र फार जड गेलं, मला नाही, नातेवाइकांना. मी सरळ उभी राहून हात जोडायचे आणि पुढचा माणूस माझ्या वाकण्याची वाट पाहत पाय जुळवून उभा असायचा. एका आतेसासूबाईंनी तर, ऑपरेशननंतर हिला शिंगं फुटली, असं तोंडावर सांगितलं. मी पण तापट. शिंग नाही, खुबा फुटलाय, म्हटलं, दाखवू का टाके?

ही यादी ऐकून खरी संतापली ती माझी पार्टनर.

पार्टनर म्हणजे आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर राहणारी माझी मैत्रीण. मूळची मालवणकडची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, डावखुरी. नवरा परळच्या गिरणीत होता. एरवी ती आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायची, पण राग आला किंवा आनंद झाला की मालवणीवर घसरायची. हॉस्पिटलात माझ्या खाटेशेजारी बसून तिने पुस्तिकेतली चित्रं पाहिली, मी अर्थ सांगितला, आणि ती म्हणाली, "बर्फार घसरूक चालता आणि पाटार बसूक चालना नाय? खयचो डॉक्टर हो तुझो?"

आम्ही दोघी रिंग टेनिसची डबल्स खेळायचो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मध्ये जाळी, आणि हातात रबराची एक कडी, तिलाच रिंग म्हणायचं. ती जाळीवरून पलीकडे टाकायची, पलीकडच्याने एका हाताने झेलायची आणि झेलल्या क्षणी परत टाकायची. दोन हातांनी झेलली तर फाउल. हातात धरून ठेवली तरी फाउल. खर्च काही नाही, साडीत खेळता येतं, आणि संध्याकाळी कुकर लावण्याआधी एक गेम सहज होतो. त्या काळात बायकांसाठी याहून सोयीचा खेळ नव्हता. कॉलनीच्या चार इमारतींच्या मधोमध मातीचं कोर्ट होतं आणि दर जानेवारीत, सव्वीस तारखेच्या आसपास, स्पर्धा व्हायच्या. लागोपाठ चार वर्षं आम्ही दोघी जिंकलो होतो. ती डावीकडून, मी उजवीकडून, मधे काही पडूच द्यायचो नाही.

मग माझा खुबा दुखायला लागला. आधी जिना चढताना, मग उतरताना, मग काहीच न करताना. हाडाच्या डोक्याला रक्त पोचत नाहीये, सांधा झिजून गेलाय, असं निदान झालं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि काठी घेऊन चालत होते. त्या जानेवारीत मी खेळले नाही. कॉलनीच्या सेक्रेटरींनी पार्टनरला सुचवलं की दुसरी जोडी लावू. ती म्हणाली, माझी पार्टनर आजारी आहे, ती आली की खेळेन. आणि कोर्टाच्या कडेला माझ्या खुर्चीशेजारी बसून तिने सगळ्या सामन्यांना नावं ठेवली. फेब्रुवारीत माझं ऑपरेशन झालं.

पहिले दोन महिने वॉकर, मग दोन काठ्या, मग एक. मला घरात बसवेना. चिडचिड इतकी वाढली की नवरा ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायला लागला. एके दिवशी सकाळी खालून हाक आली. "बाय, गॅलरीत ये!" मी काठी टेकत गॅलरीत गेले तर पार्टनर खाली कंपाउंडमध्ये रिंग घेऊन उभी. काही कळायच्या आत तिने रिंग वर फेकली. मी कठड्याला टेकून उजव्या हाताने झेलली आणि सवयीने लगेच खाली टाकली. तिने डाव्या हाताने झेलली. मग रोज सकाळी मुलं शाळेत गेली की आमचा हा सराव सुरू. ती खाली, मी वर. रिंग दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या धोतरात अडकायची, एकदा शेजारणीच्या पापडांत पडली, एकदा पोस्टमनच्या टोपीवर. माझ्या हातून सुटली तर ती खाली पडायची आणि पार्टनर धावत जाऊन आणायची. मी फक्त उभी राहायचे. चार-पाच महिन्यांत काठी कोपऱ्यात गेली, आणि त्याचं श्रेय मी पुस्तिकेतल्या व्यायामांना अजिबात देत नाही.

गणपतीला पार्टनरच्या घरची मंडळी गावी गेली आणि निर्णय घेऊनच परत आली. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं उलटून गेली होती, तिच्या नवऱ्याची गिरणी काही पुन्हा सुरू होत नव्हती. थोरल्या मुलाची दहावीची परीक्षा झाली की मे महिन्यात कायमचं गावाला जायचं ठरलं होतं. हे तिने मला गॅलरीखालूनच सांगितलं, रिंग टाकता टाकता, मान वर करून. रिंग माझ्या हातात आली आणि मी ती परत टाकायला विसरले.

"फाउल," ती खालून म्हणाली.

मला रडू आलं. मग राग आला, गिरणीचा, संपाचा, खुब्याचा, सगळ्यांचाच. आणि मग मी हिशोब केला : मे महिन्याआधी एक जानेवारी येते. त्या जानेवारीत मला तिच्याबरोबर कोर्टावर उतरायचं होतं. जिंकायचंबिंकायचं नंतर बघू, पण खुर्चीत बसून तिला निरोप द्यायचा नाही, एवढं मी नक्की केलं.

डॉक्टरांकडे मी तिलाच घेऊन गेले. नवऱ्याला नेलं असतं तर त्याने डॉक्टरांच्या आधी नाही म्हटलं असतं. डॉक्टर परदेशात शिकून आलेले, तरुण, मराठी बोलणारे. मी विचारलं, "रिंग टेनिस खेळू का?" ते म्हणाले, "म्हणजे काय?" मी पर्समधून रिंग काढून त्यांच्याकडे टाकली. त्यांनी घाबरून दोन्ही हातांनी झेलली.

"फाउल!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावून पाहायला लागले.

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. एक्स-रे दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहत राहिले. मी पुस्तिका पुढे सरकवली आणि म्हटलं, "तुमच्या पुस्तकात स्कीइंग चालतं. बर्फावरून घसरण्यापेक्षा तर आमचा खेळ साधा आहे ना?"

"ती माणसं जन्मात जमिनीवर बसत नाहीत, बाई," ते म्हणाले. "त्यांना न वाकायचं शिकवावं लागत नाही. तुम्हाला शिकवावं लागतं. तुम्ही दिवसातून पन्नास वेळा वाकता आणि तुम्हाला ते कळतही नाही." मग त्यांनी अटी घातल्या. उडी नाही. धावणं नाही. आपल्या हाताच्या टप्प्यात येईल तेवढंच झेलायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, खाली पडलेली रिंग उचलायची नाही. "सांधा एकदा निसटला की परत टेबलावर घ्यावं लागेल. आणि दुसऱ्यांदा इतकं छान बसेलच असं मी सांगू शकत नाही."

"पडलेली रिंग मी उचलतलंय," पार्टनर म्हणाली. "हिणां फक्त उभ्या रवाचा." डॉक्टरांना मालवणी कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी परवानगी दिली.

जानेवारी आली. कोर्टावर फक्की मारून पांढऱ्या रेघा आखल्या, बांबू रोवून जाळी ताणली, गच्चीवरून कर्णा लावला. आमचा पहिलाच सामना मागच्या इमारतीतल्या दोन कॉलेजकुमारींशी होता. सलवार-कमीज घालून, ओढण्या गाठ मारून, त्या वासरांसारख्या उड्या मारत होत्या. माझा नवरा कडेला उभा. त्याने शाळेतून आणलेली एक उंच खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती, अर्थातच मोजून. आम्ही सगळा विचार केला होता. सर्व्हिस मी करणार, कारण ती उभ्यानेच होते. मागे टाकलेली प्रत्येक रिंग ती घेणार. पडलेली प्रत्येक रिंग ती उचलणार. अगदी पाण्याचा तांब्यासुद्धा स्टुलावर ठेवला होता.

पदर कमरेला खोचून मी रेघेपाशी आले. आणि वाकले.

आता हे कसं समजावून सांगू? शाळेत असताना मी पार्ल्याला खो-खो खेळायचे. बिस्किटांच्या कारखान्याचा वास मैदानभर पसरलेला असायचा आणि आमचे सर, माती कपाळाला लावल्याशिवाय कुणाला मैदानात पाय टाकू द्यायचे नाहीत. विसरलं की बाहेर. मैदानाला आधी नमस्कार, मग खेळ. तेव्हापासून तीस वर्षं मी ज्या ज्या मैदानात उतरले तिथे आधी वाकले. आतेसासूबाईंपुढे न वाकायची मी नीट सवय करून घेतली होती. उंच खुर्च्या, भोकाची खुर्ची, स्टुलावरचा तांब्या, सगळं झालं होतं. पण मैदानाचा नमस्कार ना डॉक्टरांच्या यादीत होता ना साहेबाच्या. माझ्याही डोक्यात नव्हता. तो नुसता अंगात होता.

माझी बोटं जमिनीपासून वीतभर वर असतील, एवढ्यात कमरेला जोराचा हिसका बसला. पार्टनरने माझा खोचलेला पदर मागून दोन्ही हातांनी पकडून मला सरळ ओढलं होतं. निऱ्या सुटतात की काय अशी वेळ. अख्खी कॉलनी बघतेय, कर्ण्यावर माणूस आमची नावं पुकारतोय, कॉलेजकुमारी तोंडावर हात ठेवून हसतायत.

"सोड! वेड लागलंय का तुला?" मी तिच्यावर खेकसले.

"वाकत होतीस तू!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुब्यावर हात ठेवला. तो जागेवर होता. नवरा पांढरा पडून मोजपट्टीसकट आत यायला निघाला होता, त्याला मी हातानेच थांबवलं. मला तेव्हा खरंच भीती वाटली, ऑपरेशनच्या दिवशी वाटली नव्हती इतकी. वाटलं, पुरे झालं, आपलं वय झालं, खुर्चीत जाऊन बसावं.

पार्टनर माझ्यापुढे येऊन खाली वाकली, दोन्ही हात मातीला लावले, डाव्या हाताची माती स्वतःच्या कपाळाला लावली आणि उजव्या हाताची माझ्या. मग साडीला हात पुसून म्हणाली, "झाला तुझा नमस्कार. टाक सर्व्हिस."

आम्ही हरलो. एकवीस-सोळा. याचा मला आजही राग आहे, कारण निदान दोन पॉइंट तरी पंचाने त्या मुलींना फुकट दिले. पण एक रिंग मी अशी टाकली, जाळीला चाटून, आडवी, सरळ कोपऱ्यात, की त्यांतली एक मुलगी रेघेवर सपशेल पडली. टाळ्या पडल्या. नवऱ्यानेही वाजवल्या, मोजपट्टी काखेत धरून.

आणि एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. या खेळात अर्धा वेळ रिंग उचलण्यात जातो. आपण उचलत असतो तेव्हा ते कळत नाही. त्या दिवशी मी उभी होते आणि ती वाकत होती. माझ्या हातून सुटलेली, तिच्या हातून सुटलेली, जाळीत अडकून खाली घसरलेली, सगळ्या रिंगा तिनेच उचलल्या. गेमच्या मध्यावर तिला धाप लागली. मी म्हटलं, "थांब जरा, बस." तर माझ्यावरच डाफरली, "तू तुझं बघ!" शेवटचा पॉइंट गेला तेव्हा रिंग तिच्या पायाशी पडली होती. तीही तिनेच उचलली आणि पंचाला न देता माझ्या हातात दिली. मी खूप खूश होते. ती मे महिन्यात जाणार होती आणि तरीही मी खूश होते.

मे महिन्यात एका सकाळी त्यांचा टेम्पो आला. ट्रंका, गाद्या, शिलाई मशीन, तुळशीची कुंडी. मी उभ्याउभ्याच तिची ओटी भरली. तिने मला कुंकू लावलं. दोघींनीही काही विशेष बोलायचं टाळलं. बोलले असते तर मी तिथेच भोकाड पसरलं असतं, आणि ते तिच्या मुलांसमोर मला नको होतं. म्हणून मी वर निघून आले आणि गॅलरीत उभी राहिले.

टेम्पो सुरू झाला तशी ती पुन्हा खाली उतरली. "बाय, रिंग टाक!"

रिंग गॅलरीतल्या खिळ्याला अडकवलेली असायची. मी काढली आणि रोजच्यासारखी खाली टाकली. तिने डाव्या हाताने झकास झेलली. मी कठड्याबाहेर हात काढून वाट पाहत राहिले. ती रिंग परत टाकेना. माझ्याकडे बघत नुसती उभी.

"फाउल!" मी ओरडले.

तिने रिंग हातात घालून पार कोपरापर्यंत चढवली. "आता परत घेवक गावाक ये!" असं ओरडून ती टेम्पोत चढली आणि टेम्पो कंपाउंडच्या बाहेर गेला. मी बराच वेळ तसाच हात बाहेर काढून उभी होते, आणि रडत होते.

मग आत गेले आणि कपाटातून ती पुस्तिका काढली. खेळांच्या यादीखाली आणखी एक यादी होती, ती मी कधी नीट वाचलीच नव्हती. लांबचा प्रवास : चालेल, मधूनमधून उठून चार पावलं चालावं. मी नवऱ्याला हाक मारली आणि मालवणच्या एसटीची सीट किती उंच असते ते मोजून यायला सांगितलं.